सशाला घाम येत नाही

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली की प्राथमिक वर्गांतून एक बातमी हमखास कानावर येते, "बाई, आमचा ससा मेला." कारण विचारले तर उत्तरही ठरलेले असते: लू लागली. घरात सगळ्यांनी एकच उन्हाळा सोसला, आजी-आजोबांनाही काही झाले नाही, मग सशालाच लू का लागली, हा प्रश्न मात्र फारसे कोणी विचारत नाही. "नाजूक जात असते हो," एवढ्यावर विषय संपतो आणि दिवाळीपर्यंत घरात नवा ससा येतो.

विद्यार्थी मित्रांनो आणि पालकहो, ससा नाजूक आहे हे खरे. पण नाजूक म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले तर यातले बरेच ससे वाचू शकतील. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. लागते ती विज्ञानाच्या पुस्तकातली उष्णतेची थोडी माहिती, दोन गोणपाटे आणि दुपारी घरात असणारे एक जबाबदार माणूस.

आधी शरीराकडे पाहू. आपल्या शरीराचे तापमान 37 अंश सेल्सियसच्या आसपास असते, सशाचे साधारण 38.5 ते 40 अंश. म्हणजे तो मुळातच आपल्यापेक्षा थोडा गरम. बाहेर 42 अंश असताना आपण टिकून राहतो ते घामामुळे. घाम त्वचेवर येतो, त्याची वाफ होते, वाफ होताना तो शरीरातली उष्णता घेऊन जातो. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, पण तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडातल्या ओलाव्याची वाफ करतो. सशाला यातले काहीच नीट जमत नाही. त्याच्या त्वचेत उपयोगी पडतील अशा घर्मग्रंथी नाहीत. तो श्वास नाकाने घेतो, कुत्र्यासारखे धापणे त्याला साधत नाही. उन्हाळ्यात त्याचे नाक भरभर हलताना दिसते ते थोडासा ओलावा नाकावाटे घालवण्यासाठी, पण त्याने फारसे भागत नाही. अंगावर दाट लोकर असतेच.

मग त्याच्याजवळ आहे काय? कान! सशाचे कान ऐकण्यासाठी मोठे आहेत हे आपण लहानपणापासून शिकतो, पण ते अर्धेच उत्तर झाले. सशाच्या शरीराच्या एकूण पृष्ठभागापैकी सुमारे 12 टक्के भाग एकट्या कानांचा असतो. कानावर केस विरळ, कातडी पातळ, आणि आत रक्तवाहिन्यांचे जाळे. पांढऱ्या सशाचा कान उजेडासमोर धरून पाहा, लाल रेषा स्पष्ट दिसतात. उकाडा वाढला की या वाहिन्या रुंदावतात, गरम रक्त कानात येते, हवेला उष्णता देते आणि थोडे थंड होऊन परत जाते. मोटारीच्या रेडिएटरचे काम हेच.

मोठ्या कानांचा हा नियम निसर्गात इतरत्रही दिसतो. अमेरिकेच्या वाळवंटी भागातला जॅकरॅबिट पाहिला तर त्याचे कान डोक्यापेक्षाही मोठे वाटतात, आणि उत्तर ध्रुवाकडच्या सशाचे कान आखूड असतात. जोएल अ‍ॅलन नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने 1877 मध्ये ही गोष्ट नियम म्हणून मांडली: उष्ण प्रदेशातल्या प्राण्यांचे कान, पाय, शेपटी असे अवयव लांब असतात, थंड प्रदेशातल्यांचे आखूड.

आता खरी अडचण पाहा. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो तो बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड असेल तरच. हवा 25 अंश असेल तर कान उत्तम काम करतात. 30 अंशांच्या पुढे ससा त्रासू लागतो. हवा 39-40 अंशांवर गेली की कान आणि हवा सारख्याच गरम होतात, आणि देणे-घेणे थांबते. त्याच्याही वर गेली की तोच रेडिएटर उलटा चालू लागतो, कान हवेतली उष्णता आत घेऊ लागतात. आपल्याकडे इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, काही दिवस 43-44 पर्यंतही जातो. अशा दुपारी सशाच्या शरीराजवळ स्वतःला थंड करण्याचे एकही चालते साधन उरत नाही. नाजूक जात म्हणतात ती ही.

येथेच पंख्याचाही उलगडा होतो. "पंखा चालू होता हो दिवसभर," असे अनेक घरांतून सांगतात. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. आपल्या ओल्या त्वचेवर वारा लागला की घाम लवकर वाळतो म्हणून आपल्याला गार वाटते. सशाच्या कोरड्या लोकरीवर 42 अंशांची हवा फेकली तर त्याला मिळते ती भट्टीची झळ.

ससा असा का घडला?

निसर्गाने सशाच्या बाबतीत कंजुषी केली असे कोणाला वाटेल, पण तसे नाही. आपण पाळतो ते सगळे ससे, पांढरे न्यूझीलंड असोत, करडे चिंचिला असोत की लांब केसांचे अंगोरा, एकाच रानटी जातीचे वंशज आहेत. ती जात मूळची युरोपातल्या स्पेन-पोर्तुगालकडची. हा ससा जमिनीत बिळे खणून राहतो, दिवसाचा बराच वेळ बिळात काढतो आणि पहाटे व संध्याकाळी चरायला बाहेर पडतो. जमिनीखाली अर्धा-एक मीटर गेले की दिवस आणि रात्र यांच्या तापमानातला फरक जवळजवळ नाहीसा होतो. ज्याच्या घरात भरदुपारीही गारवा आहे, त्याला घामाची गरज काय?

ऑस्ट्रेलियाची गोष्ट यासाठी फार बोलकी आहे. 1859 मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने इंग्लंडहून आणवलेले सुमारे दोन डझन ससे शिकारीच्या हौसेने व्हिक्टोरिया प्रांतात सोडले. काही दशकांत ते खंडभर पसरले आणि पिकांचा, कुरणांचा फडशा पाडू लागले. ऑस्ट्रेलियाचा आतला भाग तर आपल्या माळव्यापेक्षाही रखरखीत. तेथे थंड देशातला ससा जगला कसा? बिळांमुळे. म्हणूनच तेथल्या शेतकऱ्यांनी त्यांच्या बंदोबस्तासाठी ट्रॅक्टरने बिळे खोलवर नांगरून टाकण्याचा मार्ग धरला, आणि तो आजही वापरला जातो. बीळ गेले की ससा फार काळ तग धरत नाही. आपण पिंजऱ्यातला ससा गच्चीवर ठेवतो, तेव्हा नकळत तेच करत असतो.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. महूच्या किंवा देवासच्या बाजूला शेतात जो ससा उड्या मारत जाताना दिसतो तो वेगळा. मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो, त्यामुळे गोंधळ होतो. रानातला हा भारतीय ससा बीळ खणत नाही. गवतात किंवा झुडपाच्या सावलीत उथळ खळगा करून तो दिवसभर निपचित बसतो. त्याची पिल्ले जन्मतः केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात, तर पाळीव सशाची पिल्ले उघडीनागडी आणि मिटल्या डोळ्यांची. रानससा आपल्या उन्हाळ्याला सरावलेला आहे म्हणून पाळीवही असेल, हा तर्क चुकीचा. शिवाय रानसशाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, तेव्हा शेतात सापडलेले पिल्लू कौतुकाने घरी आणू नये. बहुतेक वेळा त्याची आई जवळपासच असते.

घरात बीळ तयार करणे

तर आपल्याला करायचे आहे ते एवढेच: सशाला त्याचे बीळ परत द्यायचे. घरातली सर्वांत थंड जागा शोधा. गच्ची आणि बाल्कनी सोडाच, सर्वांत वरच्या मजल्यावरची खोलीही नको, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहतो. पत्र्याच्या शेडबद्दल तर बोलायलाच नको. तळमजल्यावरची, उत्तरेकडची खोली, जिन्याखालचा कोपरा, जुन्या घरांतले माजघर, अशा जागा उत्तम. ज्यांच्या घरी कोटा फरशी आहे त्यांचे अर्धे काम झालेले आहे. ससा पोट टेकून, पाय मागे ताणून फरशीवर पसरतो तेव्हा तो आळस करत नसतो, फरशीला उष्णता देत असतो. म्हणून उन्हाळ्यात त्याच्याखाली चादरी, सतरंज्या घालू नका. थोडी जागा गवताची, बाकी फरशी मोकळी.

प्लॅस्टिकची पेटी किंवा माशांची काचेची टाकी सशासाठी कधीच वापरू नये, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. हवा खेळत नाही आणि लघवीचा उग्र वास आतच कोंडतो. जाळीचा पिंजरा असेल तर दार उघडे ठेवून ससा खोलीत फिरता राहील असे पाहा. त्याला जागा निवडता आली पाहिजे. आपल्याला वाटते त्यापेक्षा त्याला गारव्याची पारख जास्त असते.

बिळाला सर्वांत जवळची वस्तू म्हणजे मातीचा रुंद तोंडाचा रांजण किंवा जुना मोठा माठ. तो आडवा ठेवा, दोन्ही बाजूंना विटा लावून डुगडुगणार नाही असा पक्का करा. ससा सहज आत-बाहेर करू शकेल एवढे तोंड मोठे हवे. वरून ओले गोणपाट टाका. माठाची माती सच्छिद्र, ती पाणी शोषते, पाण्याची वाफ होते आणि आतली पोकळी गार होते. आपल्या पिण्याचे पाणी ज्या युक्तीने थंड होते तीच युक्ती. आत कोरडे गवत ठेवा, ओले नाही. चार-पाच दिवसांत ससा त्याला आपलेसे करतो. आधी भितो, त्याला जबरदस्तीने आत घालू नका.

माळव्याच्या हवेचे एक देणे आपण विसरतो. शब-ए-मालवा म्हणून इथल्या रात्रींचे कौतुक झाले ते उगीच नाही. दिवस कितीही तापला तरी पहाटे गारवा येतो. तेव्हा रात्री दहानंतर खिडक्या उघडा, सकाळी आठच्या आत बंद करून पडदे ओढा. पुष्कळ घरांत नेमके उलटे होते: सकाळी "हवा येऊ दे" म्हणून खिडक्या उघडतात आणि दुपारची लू आत घेतात.

वाफ आणि बर्फ यांतला हिशेब

नववी-दहावीच्या मुलांनी हा भाग जरा लक्ष देऊन वाचावा, कारण पुस्तकातल्या अप्रकट उष्म्याचा असा उपयोग एरवी होत नाही.

अनेक जण सशाच्या पिंजऱ्यात पाण्याची गोठवलेली बाटली ठेवतात. ही युक्ती चांगली आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना 80 कॅलरी उष्णता घेतो. बाटलीत 900 ग्रॅम बर्फ असेल तर तो वितळेपर्यंत 72,000 कॅलरी घेईल. पण एक ग्रॅम पाण्याची उन्हाळ्याच्या तापमानाला वाफ होते तेव्हा ते सुमारे 575 कॅलरी घेते, म्हणजे सातपटीहून जास्त. 72,000 ला 575 ने भागा. उत्तर येते साधारण 125 ग्रॅम. याचा अर्थ असा की जवळजवळ लिटरभर बर्फाचे काम ओल्या गोणपाटावरून वाळणारे एक लहान पेलाभर पाणी करते, आणि तेही विजेशिवाय! फरक एवढाच की बाटलीचा गारवा सशाच्या अंगाशी असतो, आणि गोणपाटाचा खोलीभर वाटला जातो. म्हणून दोन्ही हवे. दारा-खिडकीला ओले गोणपाट किंवा वाळ्याची ताटी, आणि सशाजवळ बाटली.

बाटली पाऊणच भरा, कारण पाणी गोठताना फुगते. तिला जुन्या सुती कापडात गुंडाळा, आणि पिंजऱ्याच्या एका बाजूलाच ठेवा, म्हणजे सशाला हवे तेव्हा टेकता येईल, नको तेव्हा दूर जाता येईल. दोन बाटल्या ठेवल्या म्हणजे एक वापरात आणि एक फ्रीजरमध्ये असा फेरा चालतो.

कूलरही वाफेवरच चालतो आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम काम करतो. किती, हे मोजता येते. दोन साधे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळा, दुसरा कोरडा ठेवा, आणि पंख्याच्या वाऱ्यात काही मिनिटे थांबा. हवा 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर ओला तापमापक 22-23 अंश दाखवील. कूलर हवेला जास्तीत जास्त या आकड्यापर्यंत नेऊ शकतो. घरचा कूलर तेथपर्यंत पोहोचत नाही, पण 27-28 पर्यंत आला तरी सशाचे भागते.

ज्यांची मावशी-मामा गोव्याला आहेत त्यांना मात्र हा सल्ला जसाच्या तसा कळवू नका. तेथे हवा 33 अंश आणि आर्द्रता 70 टक्के असेल तर ओला तापमापक 28 च्या वरच राहतो. कूलर चार-पाच अंशही उतरवू शकत नाही आणि दमटपणा मात्र वाढवतो. तेथे सावली, मोकळी हवा, थंड फरशी आणि बाटल्या यांवरच भर द्यावा लागतो.

कूलर लावताना एक खिडकी किंचित उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. वाऱ्याचा झोत थेट सशावर नको. आणि सर्वांत महत्त्वाचे, वायर! सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्यामुळे त्याला कुरतडायला सतत काहीतरी लागते. कूलरची वायर जमिनीवर लोळत असेल, त्यात टाकीतून सांडलेले पाणी, तर काय होईल हे सांगायला नको. वायर जाड पाइपातून न्या किंवा उंचावरून घ्या.

पाणी आणि खाणे

दोन किलोचा ससा एरवी दिवसाला शंभर ते तीनशे मिलिलिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दुकानात मिळणारी नळीची बाटली दिसायला सोयीची असली तरी तिच्यातून थेंब-थेंब येतो, आणि नळी अडकली तर लक्षातही येत नाही. मातीचे जड परळ, ज्याला इकडे सकोरा म्हणतात, ते सर्वांत चांगले. ससा त्यातून मनसोक्त पितो आणि पाणीही गार राहते. सकाळ-संध्याकाळ घासून पाणी बदला. पाण्यात बर्फ, साखर, मीठ, ग्लुकोज काही नको. पन्हे आपल्यासाठी.

खाण्यात मुख्य भाग वाळलेल्या गवताचा असावा. त्याच्या आतड्यांचे चक्र चोथ्यावर चालते. खाणे थांबले की आतडी थंडावतात आणि मग गारव्याने वाचलेला ससाही पोटाने जातो. सकाळी लवकर आणि दिवे लागल्यावर खायला घाला, कारण रानातही त्याची चरण्याची वेळ तीच. कोथिंबीर, पुदिना, मेथी, मुळ्याचा आणि गाजराचा पाला धुऊन पाणी न झटकताच द्यावा, तेवढेच पाणी पोटात जाते. टरबुजाच्या सालीचा छोटा तुकडा चालतो, वाटीभर लाल गर नको. पोळी आणि बिस्किटे तर कधीच नकोत, मग तो कितीही मागो.

आणि कांदा! ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवण्याची आपली जुनी पद्धत आहे. एखाद्या प्रेमळ आजीला सशालाही कांद्याची फोड द्यावीशी वाटते. कांदा आणि लसूण सशाला बाधतात, त्यातल्या द्रव्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कांदा खिशातच राहू द्यावा.

उन्हाळ्यात केस गळतात, ते मऊ फणीने रोज विंचरावेत. लोकर विरळ झाली की उष्णता बाहेर पडायला वाट मिळते. पण हौसेने सगळे केस भादरू नयेत, सशाची कातडी फार पातळ असते, कात्री लागते. अंगोराची गोष्ट वेगळी. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे अंगोरा सशांचे काम हिमाचलात कुलूजवळ गडसा येथे चालते, ते तिथल्या थंडीमुळेच. ज्या सशाला कुलूची हवा लागते तो इंदुरात हौसेसाठी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घेतलाच असेल तर जाणत्या माणसाकडून त्याचे केस उन्हाळ्यापूर्वी आखूड करून घ्यावेत.

शेपटीखालचा भाग रोज पाहावा. तेथे घाण लागलेली असेल तर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात. त्या कातडीत शिरतात. हे ऐकायला किळसवाणे आहे, पण उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात ससे दगावण्याचे हेही एक कारण आहे.

ऊन लागले हे कसे ओळखावे?

ससा दुखणे लपवतो. रानात जो आजारी दिसतो तो आधी मारला जातो, त्यामुळे गप्प बसणे त्याच्या रक्तातच आहे. म्हणून लहान खुणा पाहायच्या: कान हाताला चटका लागावा असे गरम आणि लालसर, श्वास फार जलद, नाकाभोवती ओल, हनुवटीखाली लाळ, हाक मारली तरी लक्ष नाही. ससा मान मागे टाकून तोंडाने श्वास घेत असेल तर मात्र एक मिनिटही घालवू नका. त्यानंतर तोल जाणे, झटके, आणि मग काही उरत नाही. शरीर 40.5 अंशांच्या पुढे गेले की धोका सुरू होतो.

अशा वेळी त्याला थंड, अंधाऱ्या जागी न्या. सुती कापड माठाच्या पाण्यात भिजवून, पिळून, कानांवर आतून-बाहेरून फिरवा. पाणी कानाच्या भोकात जाता कामा नये. पाय आणि पोट ओल्या हाताने पुसा आणि मग दुरून हलका पंखा लावा. आता पंखा उपयोगी पडतो, कारण कानावर पाणी आहे. ज्याला घाम नाही त्याला आपण उसना घाम दिला, एवढाच त्याचा अर्थ. नळाचे पाणी घेऊ नका, दुपारी गच्चीवरच्या टाकीतून ते चहासारखे गरम येते. बर्फाचे पाणीही नको आणि बादलीत बुडवणे तर मुळीच नको. फार थंड पाण्याने कानातल्या रक्तवाहिन्या आकसतात, उष्णता आतच कोंडते, आणि धक्क्याने ससा जागीच जाऊ शकतो. तोंडात चमच्याने पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. समोर परळ ठेवा, शुद्धीत असेल तर तो आपण होऊन पितो.

एवढे करतानाच दुसऱ्या कोणीतरी पशुवैद्याला फोन लावावा. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शहरातही डॉक्टर आहेत, पण सगळेच सशांना पाहतात असे नाही. तेव्हा एप्रिलमध्येच चौकशी करून नंबर भिंतीवर लिहून ठेवा. ससा सावरला, खेळू लागला, तरी डॉक्टरांना दाखवा. उष्माघाताचा मार आतड्यांवर आणि मूत्रपिंडांवर नंतर दिसतो. दहा-बारा तास त्याने काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती पुन्हा तातडीची वेळ समजावी.

सुट्टीत ससा कोणाकडे?

खरे सांगायचे तर मे महिन्यात ससे मरतात त्याला ऊन जितके कारण, तितकीच सुट्टीही. परीक्षा संपल्या की आपण पुण्याला, नागपूरला, आजोळी निघतो. ससा शेजाऱ्यांच्या हवाली होतो. शेजारी सज्जन असतात, सकाळी गवत-पाणी घालतात आणि संध्याकाळी डोकावतात. दुपारी बारा ते पाच या वेळात कोणीच नसते, आणि वीज जाते ती नेमकी त्याच वेळी.

म्हणून ज्या घरात दुपारी माणूस असतो अशाच घरी ससा ठेवावा. निघण्यापूर्वी दोन दिवस त्यांच्या मुलांना घरी बोलावून सगळे दाखवावे: गोणपाट किती वेळाने ओले करायचे, बाटली कशी बदलायची, कोणत्या खुणा पाहायच्या. हे कागदावर लिहून द्यावे आणि डॉक्टरांचा नंबर त्यावरच लिहावा. तेथील लहान मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी, दुपारी सशाला उचलून कुशीत घ्यायचे नाही. आपले अंग 37 अंशांचे, त्यात त्याची भीतीने वाढलेली धडधड. लाड संध्याकाळी करावेत.

बरोबर न्यायचाच असेल तर पहाटे किंवा रात्री न्या, जाळीच्या टोपलीत, कापडात गुंडाळलेल्या बाटलीसह. आणि "पाच मिनिटांत येतो" म्हणून बंद मोटारीत ठेवून चहाला उतरू नका. उन्हातली बंद मोटार काही मिनिटांतच खोलीपेक्षा कितीतरी जास्त तापते.

ज्यांना हे शक्य नाही त्यांनी यंदा ससा घेऊ नये, दिवाळीनंतर घ्यावा, आणि घेताना पुढच्या मे महिन्याची व्यवस्था आधी ठरवावी. मुलाने हट्ट केला तर हा लेख त्यालाच मोठ्याने वाचायला लावावा.

जूनच्या मध्यास ढग येऊ लागले की पुन्हा एकदा सावध व्हावे. पारा 36-37 वर उतरलेला असतो, आपल्याला हायसे वाटते, पण हवेत दमटपणा आलेला असतो आणि कूलर नुसती वाफ सोडतो. ते दोन तापमापक तेव्हा कामी येतात. ओल्या आणि कोरड्या तापमापकातले अंतर पाच अंशांच्या आत आले की कूलर बंद करा, खिडक्या उघडा, गोणपाटे काढून वाळत घाला, आणि पहिला पाऊस जमून हवा निवेपर्यंत बर्फाच्या बाटल्यांचा फेरा चालू ठेवा.